तातडीने दवाखान्यात दाखल करावे लागले तर : बिल, आरोग्य विमा आणि जनआरोग्य योजना

मराठवाड्यात तातडीच्या आजारपणाचा खर्च बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतो. आधी तालुक्याच्या गावी एखाद्या दवाखान्यात सलाईन, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या होतात आणि काही तासांनी डॉक्टर सांगतात, "पेशंटला पुढे न्या." मग लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, धाराशिवकडच्यांसाठी सोलापूर आणि कधी थेट हैदराबाद. या धावपळीत कोणती योजना लागू आहे, विम्याचे कार्ड कोठे आहे, अनामत रक्कम भरावी की नाही, याचा विचार करायला कोणालाच सवड नसते. आमच्या घरातील रुग्णासाठी हे सर्व सोपस्कार मी स्वतः केले आणि पुढे नातेवाईक व शेजाऱ्यांच्या वेळीही सोबत गेलो. त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते : दाखल करतानाच्या पहिल्या काही तासांत तुम्ही काउंटरवर जे सांगता आणि केस पेपरवर जे लिहिले जाते, त्यावरच शेवटच्या बिलातील तुमचा वाटा बहुतांशी ठरतो. म्हणून पुढील टप्पे शांतपणे, घरात कोणी आजारी नसताना वाचावेत.

१. आजच एका पिशवीत ठेवायची कागदपत्रे

• शिधापत्रिका आणि तिच्यावरील प्रत्येक सदस्याचे आधार कार्ड, प्रत्येकी दोन छायांकित प्रतींसह
• आयुष्मान कार्ड (केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचे) काढलेले असल्यास ते
• खासगी विम्याची पॉलिसी, विमा कंपनीचे किंवा टीपीएचे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) कार्ड आणि टोल फ्री क्रमांक
• कारखान्यात नोकरी असल्यास कामगार राज्य विम्याचे ई-पहचान कार्ड
• जुन्या आजारांच्या चिठ्ठ्या, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेहाचे पहिल्यांदा निदान झाले त्या दिवसाची
• तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला

या सर्वांचे फोटो घरातील किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत.

शिधापत्रिकेबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक अडवणूक येथेच होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि तिचे संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये आहे. पिवळे, केशरी, पांढरे असा भेद आता राहिलेला नाही. (मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत पांढरे कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना ही योजना त्याआधीपासूनच लागू होती, मात्र पांढऱ्या कार्डावर काही मिळत नाही असा समज गावोगावी अजून घट्ट आहे.) अडचण येते ती नावांची. नव्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेले नसते आणि सासरच्या कार्डावर चढलेले नसते, लहान मुलांची नावे राहून गेलेली असतात, आधारवर "बाई" लागलेले असते आणि कार्डावर नसते. ही दुरुस्ती तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात होते आणि तिला वेळ लागतो, त्यामुळे ती आजच सुरू करावी.

घरात ७० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती असेल, तर तिचे आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे काढावे. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न लावता दिले जाते.

२. रुग्णवाहिका आणि रुग्णालयाची निवड

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून मोफत आहे. अपघातस्थळावरून नेण्यासाठी जशी ती बोलावता येते, तशीच एका दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठीही मागता येते. खासगी रुग्णवाहिका घ्यावीच लागली, तर पावती घ्यावी, कारण बहुतेक पॉलिसींमध्ये तिच्यासाठी ठरावीक रक्कम मिळते.

गाडी निघतानाच कोणीतरी एकाने १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या जनआरोग्य योजनेच्या क्रमांकावर फोन करून विचारावे, की आपण जात आहोत ते रुग्णालय योजनेत आहे का आणि या आजारासाठी आहे का. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असते, पण हृदयरोगासाठी नसते, आणि दारावरचा योजनेचा फलक पाहून आत गेलेल्या कुटुंबाला हे दुसऱ्या दिवशी कळते.

सर्पदंश, विषबाधा यांसारख्या प्रसंगी मात्र फोनाफोनीत वेळ घालवू नये. सर्पदंशावरील लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, तेव्हा जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ किंवा नांदेडचे विष्णुपुरी येथील रुग्णालय ही वैद्यकीय शिक्षण विभागाची असल्याने तेथे केस पेपर व तपासण्यांचे माफक शुल्क लागू शकते, मात्र जनआरोग्य योजना तेथेही चालते.

हैदराबादला किंवा कर्नाटकात जाणाऱ्यांनी, त्यात ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबेही आली, एवढे ध्यानात ठेवावे की केवळ शिधापत्रिका तेथे उपयोगी पडत नाही. आयुष्मान भारत योजनेच्या मूळ यादीत नाव असलेल्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड मात्र देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते.

३. काउंटरवर पैसे भरण्याआधी

अत्यवस्थ रुग्णावर प्राथमिक उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे "आधी पैसे, मग हात लावू" हे कोणी म्हणाले, तर ते मान्य करू नये. अपघातग्रस्ताला आणून सोडणाऱ्या वाटसरूकडून बिल मागता येत नाही, हेही कायद्यात आहे.

रुग्ण आत गेल्यावर बाहेर थांबलेल्यांपैकी एकाने ताबडतोब आरोग्यमित्राला, म्हणजे जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला गाठावे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात त्याचे टेबल असते, बहुधा प्रवेशद्वाराजवळ. शिधापत्रिका हाताशी नसली तरी तातडीच्या प्रसंगी तो दूरध्वनीवरून मंजुरी घेऊ शकतो आणि कागदपत्रे नंतर जोडता येतात. त्याला नेमके पुढील शब्दांत विचारावे : "या आजाराचा उपचार योजनेच्या यादीत आहे का? नोंदणी केली असल्यास तिचा क्रमांक द्या."

येथे एक सापळा नेहमीचा आहे. "तूर्त वीस हजार भरा, मंजुरी आली की परत करू," असे सांगितले जाते. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एकवेळचे भाडे एवढे सर्व पॅकेजमध्ये धरलेले असते आणि रुग्णाकडून वेगळी रक्कम घेणे अपेक्षित नाही. मंजुरी येण्यापूर्वी पैसे भरणे अटळ असेल, तर ते "अनामत" म्हणून नोंदवलेली छापील पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर लिहून दिलेला आकडा नंतर कोणीच ओळखत नाही. दुसरा सापळा म्हणजे "योजनेतून उपचार नको" अशा मजकुरावर घाईत घेतलेली सही. दाखल करतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात असे पान असू शकते, त्यामुळे प्रत्येक पान वाचूनच सही करावी, आणि वाचता येत नसेल तर गावातील शिकलेल्या मुलाला फोनवर फोटो पाठवून विचारावे.

रस्ते अपघात असेल, तर पोलिसांना कळवणे हा केवळ सोपस्कार नाही. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडविरहित उपचार मिळू शकतात आणि त्यासाठी पोलिसांकडील नोंद लागते.

४. खासगी विमा असेल तर

टीपीए डेस्कवर कार्ड द्यावे आणि रुग्णालयाने कॅशलेसचा (बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला देण्याचा) अर्ज किती वाजता पाठवला ते विचारून लिहून ठेवावे. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आहे, पण हा तास रुग्णालयाने अर्ज पाठवल्यानंतर सुरू होतो. अर्जच डेस्कवर पडून राहिला, तर घड्याळ सुरूच होत नाही.

तुम्ही स्वतःही कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवून दाव्याचा किंवा सूचना क्रमांक घ्यावा. बऱ्याच पॉलिसींमध्ये तातडीने दाखल झाल्यापासून २४ तासांत कळवण्याची अट असते. रुग्णालय कंपनीच्या जाळ्यात, म्हणजे कंपनीशी करार केलेल्या रुग्णालयांत नसले तरी आशा सोडू नये. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा परिषदेने जाळ्याबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेसची सोय सुरू केली आहे आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवावे लागते. मात्र रुग्णालयाची संमती लागते, आणि आपल्याकडील लहान रुग्णालये ती सहसा देत नाहीत.

५. केस पेपरवर काय लिहिले जाते

या टप्प्यावर मी सर्वाधिक भर देतो. रुग्ण स्ट्रेचरवर असतो, भोवती चार-पाच नातेवाईक उभे असतात आणि निवासी डॉक्टर विचारतात, "शुगर आहे का? कधीपासून?" रुग्णाची पत्नी गोंधळलेली असते. मागून एखादे मामा किंवा मेहुणे सांगून टाकतात, "असेल की दहा वर्षांपासून." डॉक्टर लिहितात : मधुमेह, १० वर्षे. प्रत्यक्षात निदान दोन वर्षांपूर्वीचे असते आणि पॉलिसी चार वर्षांपूर्वी घेतलेली असते. आता कंपनीच्या दृष्टीने हा आजार पॉलिसीच्या आधीचा आणि लपवलेला ठरतो, आणि तिसऱ्या दिवशी टीपीएचे पत्र येते : "मधुमेहाचे प्रथम निदान झाल्याची कागदपत्रे सादर करा, तोपर्यंत मंजुरी स्थगित." मी सोबत असलेल्या एका प्रकरणात अगदी असेच घडले. जुन्या डॉक्टरांकडची पहिली चिठ्ठी सापडली, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्यावरून पहिल्या निदानाच्या तारखेचे प्रमाणपत्र दिले, तेव्हा कोठे मंजुरी सुटली.

म्हणून डॉक्टरांशी एकाच व्यक्तीने बोलावे आणि ती रुग्णाच्या औषधपाण्याची माहिती असणारी असावी. आजार लपवू नये, कारण उपचारही त्यावरच अवलंबून असतात. पण नक्की माहीत नसेल तर "नक्की माहीत नाही, जुनी चिठ्ठी आणून दाखवतो" एवढेच सांगावे. अंदाजाने वर्षे सांगू नयेत.

नियम रुग्णाच्या बाजूने काय सांगतात तेही पाहावे. पॉलिसी घेताना जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो) आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणून हप्ता एकदाही खंडित होऊ देऊ नये.

६. खोली निवडताना

अतिदक्षता विभागातून रुग्ण बाहेर आला, की "जनरल वॉर्ड भरला आहे, स्पेशल रूम देऊ का?" असे विचारले जाते. होकार देण्यापूर्वी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आहे ते पाहावे. पुष्कळांना वाटते, की खोलीच्या भाड्यातील फरक तेवढा आपल्याला भरावा लागेल. तसे नसते. समजा, ३ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि तुम्ही ६,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. खोलीचे २४,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषेचे ९०,००० आणि औषधे, इम्प्लांट (शरीरात बसवलेले साहित्य) व तपासण्यांचे ७०,००० असे एकूण १,८४,००० रुपयांचे बिल झाले. तुम्ही मर्यादेच्या दुप्पट खोली घेतल्यामुळे खोलीचे निम्मे, १२,००० मंजूर होतात, आणि त्याच प्रमाणात डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचेही निम्मेच, म्हणजे ४५,००० मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट व तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, त्यामुळे ते ७०,००० पूर्ण मिळतात. एकूण १,२७,००० कंपनी देते आणि ५७,००० तुमच्या खिशातून जातात.

अतिदक्षता विभागाच्या शुल्कावर ही कपात लागत नाही. तसेच खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही ती लावता येत नाही, तेव्हा कंपनीने कपात केली असेल तर रुग्णालयाच्या दरपत्रकाची प्रत मागून घ्यावी. मर्यादेतील खोली खरोखरच शिल्लक नसेल, तर "आमच्या पात्रतेची खोली उपलब्ध नाही" असे रुग्णालयाकडून लेखी घ्यावे. कंपनी ते मानेलच असे नाही, पण पुढे दाद मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

७. रोजचे बिल आणि डिस्चार्ज

दर दिवशी संध्याकाळी चालू बिल मागावे. हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क, "अन्य साहित्य" अशा नावाखालील रकमा विमा बहुधा देत नाही, आणि त्या कोठे वाढत आहेत ते रोज पाहिले तरच कळते. औषधे रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. बाहेरून घेतल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या नावाची पावती, दोन्ही जपून ठेवाव्यात.

रुग्णालयाकडून अंतिम विनंती मिळाल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी द्यायची आहे. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यामुळे जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. हे डेस्कवर नम्रपणे, पण आठवण करून सांगावे. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. रुग्णालयाला वसुलीचे कायदेशीर मार्ग मोकळे असतात. अशी अडवणूक झाली, तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि अन्यत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

८. तालुक्याच्या दवाखान्याचे बिल आणि प्रतिपूर्ती

पहिल्या दवाखान्यातील काही तासांचे बिल स्वतंत्रपणे सहसा मिळत नाही, कारण बहुतेक पॉलिसींना किमान २४ तास दाखल असणे लागते. पण तोच रुग्ण त्याच आजारासाठी पुढे मोठ्या रुग्णालयात दाखल झाला आणि तो दावा मान्य झाला, तर आधीचा खर्च "दाखल होण्यापूर्वीचा खर्च" म्हणून मागता येतो. त्यासाठी पहिल्या दवाखान्यातून निघताना रेफर चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल आणि शिक्क्याची पावती घेऊनच निघावे. नंतर ती मागायला परत जाणे किती अवघड होते, हे अनुभवलेल्यांनाच ठाऊक.

केवळ २४ तास भरावेत म्हणून रुग्णाला थांबवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. दाखल करण्याची वैद्यकीय गरज नव्हती, असे म्हणून कंपनी सगळाच दावा नाकारू शकते.

प्रतिपूर्तीच्या, म्हणजे आधी स्वतः भरलेले पैसे कंपनीकडून परत मिळवण्याच्या दाव्यासाठी डिस्चार्ज कार्ड, बाबनिहाय अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, इम्प्लांटचे स्टिकर, अपघात असल्यास पोलिसांकडील कागद आणि रद्द केलेला धनादेश लागतो. मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येकाची प्रत ठेवावी आणि पोच घ्यावी.

९. विमाही नाही आणि योजनेतही बसत नाही

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन जावे. दाद न मिळाल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातील कक्षात अर्ज करता येतो, पण रुग्ण दाखल असतानाच करावा. घरी आल्यावर झालेल्या खर्चाची भरपाई तेथून मिळत नाही. वाळूज, चिकलठाणा येथील कारखान्यांत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांनी आपल्याला आणि कुटुंबाला कामगार राज्य विमा लागू आहे का, हे सर्वप्रथम तपासावे. अनेकांच्या पगारातून वर्षानुवर्षे कपात होते आणि दवाखान्यात ते रोख पैसे मोजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१०. दावा नाकारला तर

नकार तोंडी असेल तर तो ग्राह्य धरू नये. पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार नाकारला, हे लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याचबरोबर विमा नियामकाच्या बीमा भरोसा संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. मराठवाड्यातील जिल्हे पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो, म्हणजे तो पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट तुमच्यासाठी मोकळी राहते.

तक्रारीत भावनिक मजकूर कमी आणि तारखा जास्त असाव्यात : दाखल केल्याची वेळ, कळवल्याचा सूचना क्रमांक, प्रत्येक पत्राची तारीख, नाकारण्याचे कलम आणि ते लागू का होत नाही याचे दोन-तीन वाक्यांत कारण. सोबत पॉलिसी, नकाराचे पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीला केलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी अनेकदा व्हिडिओद्वारे होते, त्यामुळे हिंगोली किंवा किनवटच्या माणसाने पुण्याच्या अंतराकडे पाहून ही पायरी सोडून देऊ नये.